सत्तर लिटरची जागा

१५ डिसेंबर २०२५, एटापल्ली

झालं ते असं.

१. ११ डिसेंबरला सकाळी सात वाजता आम्ही चौघं जंगलात निघालो. प्रकल्पप्रमुख प्रफुल सर, वाट दाखवणारे आणि सामान वाहणारे वारलूभाऊ व बिरजूभाऊ, आणि साहित्याची जबाबदारी असलेली मी.
२. काम: झाडांना कॅमेरे बांधणे. जनावर समोरून गेलं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो.
३. सहा मुक्काम ठरले होते. तीन झाले.
४. सॅक पंचेचाळीस लिटरच्या होत्या. निवड माझी.
५. शिधा आणि ताडपत्री भरल्यावर कॅमेरे आत मावेनात. त्यांची थैली वारलूभाऊंच्या सॅकला बाहेरून दोरीने बांधली.
६. १३ तारखेला दुपारी नाला ओलांडताना दोरी सुटली. चार कॅमेरे पाण्यात गेले. दोन सापडले. चालू एकही नाही.
७. १४ तारखेला परत आलो.
८. कोणालाही इजा नाही.

ऑफिसला एवढंच पाठवलं. आज विश्वस्तांबरोबर व्हिडिओवर बैठक झाली. प्रफुल सर म्हणाले, "आमच्या इंजिनिअर बाईंचं गणित पंचेचाळीसवर अडलं." सगळे हसले. माझा चेहरा पडद्यावर दिसत होता म्हणून मीही हसले.

पुढच्या फेरीसाठी सॅकचा आकार नव्याने ठरवायचं काम मलाच दिलं आहे. या वेळी काहीही बाहेर लटकणार नाही.

२२ डिसेंबर

आज मापं घेतली. मानेच्या खालच्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत पाठीची लांबी मोजायची असते. सॅकचा सांगाडा त्यावर ठरतो, उंचीवर नाही.

वारलूभाऊ: वय ५१, वजन ५४, पाठ ४६ सेंटिमीटर. ते मूळचे सावली तालुक्यातले, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचे. लग्नानंतर सासुरवाडीला येऊन राहिले. इथल्या तलावात जाळं टाकतात आणि बाकीचे दिवस आमच्यासारख्यांना जंगल दाखवतात. मी टेप लावला तेव्हा ते श्वास धरून उभे राहिले.

"शिंपी बी येवढं मापत नाई, म्याडम. लगन लावून राह्यल्या का मायं?"

दाराबाहेरून बिरजूभाऊ म्हणाले, "लगन नाई गा, तुले खोगीर शिवून राह्यली."

बिरजूभाऊंनी माप देण्यास नकार दिला. ते कावड वापरतात, म्हणजे खांद्यावर बांबू आणि दोन टोकांना दोन शिंकी. कावडीने एकाच खांद्यावर भार येतो, सॅकने तो कमरेवर उतरतो, हे मी आकृती काढून समजावलं. त्यांनी आकृती नीट पाहिली आणि म्हणाले, "चित्र मस्त काढलं. मले कावडच बरी."

वारलूभाऊंना विचारलं, तुम्हाला चालेल ना मोठी सॅक?

"तुम्ही मोजलं ना? मंग बरोबरच असन."

नोंद: संमती, होय.

४ जानेवारी २०२६

हिशेब पूर्ण झाला. सहा मुक्कामांचा शिधा, दहा कॅमेरे, ताडपत्री, दोरखंड, औषधं, कपडे मिळून अठ्ठावन्न लिटर. गाठीशी वीस टक्के जास्त धरले. एकोणसत्तर पूर्णांक सहा. म्हणजे सत्तर.

वजनाची मर्यादा शरीराच्या चौथ्या हिश्श्याइतकी धरली. वारलूभाऊंना साडेतेरा किलो. सुरुवातीचं वजन १३.२ येईल. शिधा संपत जाणार, कॅमेरे झाडांवर चढत जाणार, त्यामुळे भार रोज १.१ किलोने कमी होईल. उतरत्या रेषेचा आलेख काढला. सरळ रेष आली.

भद्रावतीहून आईचा फोन आला. काय करतेस विचारलं म्हणून सांगितलं. म्हणाली, "मोठा डबा आनला का तो भरतेच, बाई. तुह्या बाबानं मोठं कपाट आनलं, तवापासून घरात जागा नाई." मी म्हटलं, कपाट पाठीवर घ्यायचं नसतं. बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीत तपासनीस होते. त्यांना आलेख दाखवला असता तर आवडला असता.

२ फेब्रुवारी

सॅक आल्या. वारलूभाऊंची सत्तरची, सरांची साठची, माझी पन्नासची. लटकत्या काट्यावर वजन केलं. वारलूभाऊंची १३.२ किलो. आलेखावर बरोब्बर.

सर म्हणाले, "आता कसं. हे आधी केलं असतं तर?"

वारलूभाऊंनी सॅक घातली, पट्टे आवळून घेतले आणि ऑफिसच्या अंगणात दोन फेऱ्या मारल्या. वरचा भाग रिकामा असल्यामुळे झाकण डोक्यामागे लोंबत होतं. बिरजूभाऊ म्हणाले, "म्हैस तर भल्ली मोठी आनली, पन पोट रिकामं हाय तिचं."

४ फेब्रुवारी, पहिल्या मुक्कामाचं गाव

काल रात्री शाळेच्या ओसरीत झोपलो. जागा मिळवण्यासाठी मी पत्र आणलं होतं. ते कोणी पाहिलं नाही. वारलूभाऊ एका घरात गेले, पानात बांधलेल्या वाळवलेल्या मासोळ्या दिल्या, अर्धा तास बोलत बसले आणि ओसरी झाडून मिळाली. सरपणही मिळालं.

सकाळचं वजन १२.१ यायला हवं होतं. १३.१ आलं. सॅक उघडली. वरच्या रिकाम्या भागात तांदळाची पुरचुंडी होती, एक किलो.

"हे काऊन घेतलं, भाऊ?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझ्या तोंडी घरची भाषा येते, ती मी टाळते. आज आली.

"मी नाई घेतलं. त्या घरच्या बाईनं टाकलं."

"नाही म्हणायचं मग."

"आपन मासोळ्या देल्ल्या ना. तिले रिकामी जागा दिसली, तिनं टाकलं. नाई म्हनलं तर तिले वाटन, हे लोकं पुन्हा काई येत नाई इथी." मग पुरचुंडी परत आत ठेवत म्हणाले, "एक किलोनं काय होते, म्याडम."

सगळे एक किलोबद्दल असंच बोलतात. आलेखात आज रेष सपाट आली. मी नोंद केली: नियमबाह्य.

बिरजूभाऊंनाही त्या बाईने तांदूळ दिला होता. त्यांनी तिच्यासमोरच कावड उचलली. ती एका बाजूला कलली. बाईच हसून म्हणाली, राहू दे, येताना ने.

५ फेब्रुवारी, तिसरा मुक्काम

दुसऱ्या मुक्कामी कोणाची वस्ती नव्हती. सॅक आज सकाळी १२.० भरली, म्हणजे तो एक किलो तसाच.

या गावात पुन्हा मासोळ्या, पुन्हा गप्पा. नाल्याच्या पलीकडे जायची सोपी वाट कुठून, वाघीण पिल्लांसह कुठे दिसली, हे सगळं इथे कळलं. सरांनी ते वहीत लिहून घेतलं. संध्याकाळी घरधन्याने एक पिवळं कोहळं आणून दिलं. वजन २.२ किलो. सर म्हणाले, "उद्या रात्री कोहळ्याची भाजी करू. ठेव, वारलू."

वस्तू घेऊ नका, अशी मी वारलूभाऊंना समज दिली. ते "हो" म्हणाले.

सरांनी डिसेंबरच्या फेरीतले कॅमेरे इथून जवळच उतरवून घेतले. त्यांच्या जुन्या बॅटऱ्या आणि लोखंडी पट्ट्या २.६ किलो. त्याही वारलूभाऊंच्या सॅकमध्ये ठेवल्या, कारण सरांची सॅक भरली होती.

माझ्या उजव्या टाचेला फोड आला आहे, दोन सेंटिमीटर. बूट बदलून चपला घातल्या. बूट, स्लीपिंग बॅग आणि जर्किन मिळून ३.६. वारलूभाऊंनी स्वतःच हात पुढे केला. "आना इकडं. टाच सडली तर तुम्हाले बी उचलावं लागन मले." सगळं नीट आत बसलं. जागा होती. भरल्यावर सॅक ताठ उभी राहते, झाकण लोंबत नाही, काही बाहेर लटकत नाही. आकार बरोबर ठरला.

उद्या लवकर निघायचं आहे. सकाळी वजन घेणार नाही.

६ फेब्रुवारी

११.४० वाजता नाला ओलांडताना वारलूभाऊ पडले. पाणी घोट्याइतकं होतं. दगडावर शेवाळ होतं. पाय सरकला, सॅक एका बाजूला गेली आणि ती त्यांना घेऊन गेली. उजवा गुडघा आतल्या बाजूला वळला. आवाज झाला.

त्याच दगडावर मागून येणाऱ्या बिरजूभाऊंचाही पाय सरकला. त्यांनी कावड सोडून दिली आणि उभे राहिले.

सॅक काढून काठावर ठेवली. सरांनी वजन करायला सांगितलं. १९.३.

आलेखात आज ९.९ होतं.

बिरजूभाऊ मागे पळत गेले आणि कोहळं देणाऱ्या घरचे चौघे घेऊन आले. कावडीचा बांबू आणि ताडपत्री यांची झोळी केली. दोन तास दहा मिनिटं चालून रस्त्यावर आणलं. वारलूभाऊंचं वजन ५४. चार माणसं. प्रत्येकी साडेतेरा. मर्यादेत.

गाडीत बसवण्यापूर्वी मी त्यांच्या सॅकमधून माझे बूट आणि स्लीपिंग बॅग काढून घेतली.

१० फेब्रुवारी, चंद्रपूर

गुडघ्यातले दोन अस्थिबंध तुटले आहेत, हाडाला चीर आहे. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं की शस्त्रक्रिया नागपूरला करावी लागेल आणि महिनाभरात झाली तर बरं. उशीर झाला तर ते चालतील, पण पाण्यात पाय रोवून उभं राहता येणार नाही. १२ मार्चची तारीख मिळाली आहे. खर्च प्रकल्पाच्या अपघात तरतुदीतून होईल, चौकशी पूर्ण झाल्यावर.

चौकशीसाठी जादा भाराचा तक्ता मागितला. मी दिला.

गावांतून घेतलेल्या वस्तू: ३.२.
इतर: ६.२.

सर म्हणाले, "इतर पुरेसं आहे. फोड नको."

मला वाटलं ते माझ्या टाचेबद्दल बोलताहेत. मग कळलं, तक्त्याबद्दल.

१७ फेब्रुवारी

वारलूभाऊंच्या घरी गेले. ते बाजेवर होते, पाय उशीवर. रुखमाबाई, त्यांची बायको, अंगणात मासोळ्या उलटवत होती. तलावात या हंगामात बाकी लोक जातात, यांचं जाळं खुंटीला आहे.

"या म्याडम. तुमची ब्याग धुवून ठेवली," ती म्हणाली. "कोहळं फुटून सारं चिकट झालं होतं."

सॅक दोरीवर उलटी वाळत होती. तिने घरातून एक घडी आणून माझ्या हातात दिली. माझं जर्किन. धुतलेलं.

"तळाले होतं. याईनं सांगितलं, म्याडमचं हाय, नीट ठेव."

मी वारलूभाऊंकडे पाहिलं. ते म्हणाले, "चौकशीवाला आला होता. म्हने, तांदूळ, कोहळं तुमचं, अजून कोनाचं काय होतं? मी म्हनलं, आठवत नाई."

"का?"

"तुम्ही एवढं मापून-मोजून केलं. आधीच तुमच्यावर हसले होते ना ते, त्या मिटिंगात." त्यांनी पायाकडे पाहिलं. "अन् ऑपरेशन तर होनारच हाय. मंग काऊन कोनाचं नाव घ्या?"

रुखमाबाई म्हणाली, "होनार हाय ना, म्याडम? पक्कं?"

मी म्हटलं, तारीख मिळाली आहे. हे खरं होतं.

निघताना तिने माझा डबा मागितला. रिकामा आहे म्हटलं. "म्हनूनच," ती म्हणाली आणि त्यात मासोळ्या भरल्या. चारशे ग्रॅम असतील. मी वजन केलेलं नाही.

२४ फेब्रुवारी

अहवाल आला. तीन पानं. परिच्छेद चार: "वाहकाने सूचना देऊनही गावांतून वैयक्तिक वस्तू स्वीकारल्या व भार मर्यादेबाहेर नेला." पुरावा म्हणून ४ आणि ५ तारखेच्या माझ्या नोंदी जोडल्या आहेत. "नियमबाह्य" हा शब्द माझ्या अक्षरात आहे. "इतर" तळटिपेत आहे.

निष्कर्ष: अपघात तरतूद लागू नाही. वाहकाचं नाव यादीतून कमी करावं.

परिच्छेद सहा: सॅकच्या आकाराबाबतचा अभ्यास उत्तम आहे. पुढच्या हंगामासाठी सत्तर लिटरच्या बत्तीस सॅक घ्याव्यात. शिफारस: दिव्यानी, साहित्य अभियंता.

सरांच्या खोलीत गेले.

"कोहळं तुम्ही ठेवायला सांगितलं होतं, सर."

"मी भाजी करू म्हटलं होतं."

"बॅटऱ्या तुमच्या होत्या."

"प्रकल्पाच्या होत्या." ते शांतपणे म्हणाले. "आणि दिव्यानी, उरलेलं कोणाचं होतं हे मी विचारलं नाही. विचारलं का? तुझं पहिलं वर्ष आहे. एक फेरी आधीच तुझ्या नावावर बुडाली आहे. वारलूसाठी आपण ऑफिसात वर्गणी काढू."

बाहेर आल्यावर लक्षात आलं की मी त्यांना "थँक यू, सर" म्हणाले होते.

२८ फेब्रुवारी

बाजारात बिरजूभाऊ भेटले. मी नमस्कार केला. त्यांनी कावड उतरवली नाही.

"वारलूचं नाव कापलं म्हन्ते."

"अहवाल आहे तसा."

"अहवाल." त्यांनी कावड एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. "म्याडम, मले शिकवत होत्या ना तुम्ही, कावडीनं खांदा जाते म्हनून. जाते. मायावाला गेलाच हाय. पन कावडीत लपून काई टाकता येत नाई. इकडं टाकलं का तिकडची बाजू वर येते, सारं गाव पाहाते. तुमच्या म्हशीच्या पोटात कोनं काय घातलं, कोनाले दिसलं?"

"मला दिसलं होतं," मी म्हटलं.

"मंग सांगा ना बाप्पा. मले काऊन सांगून राह्यल्या?"

ते निघून गेले.

१ मार्च

जानेवारीचा हिशेब पुन्हा तपासला. अठ्ठावन्न लिटर बरोबर आहे. प्रत्येक ओळ बरोबर आहे. चूक फक्त वीस टक्क्यांत आहे. ते बारा लिटर मी सामानासाठी ठेवले नव्हते. पडद्यावर पुन्हा कोणी हसू नये म्हणून ठेवले होते. लिहिताना मी त्याला सुरक्षिततेची जागा म्हटलं. ती वारलूभाऊंच्या पाठीवर होती. तिच्यात त्या बाईने तांदूळ टाकला, सरांनी बॅटऱ्या टाकल्या, मी बूट टाकले. त्या बाईने निदान काहीतरी दिलं होतं.

गावांनी दिलेलं ३.२ वगळलं तरी वजन १६.१ होतं. मर्यादेच्या वर. आमचं ६.२ वगळलं असतं तर १३.१. मर्यादेत. हे गणित मला ६ तारखेलाच करता आलं असतं. दोन ओळींचं आहे.

२ मार्च

खालचं पत्र आज प्रफुल सरांना आणि सर्व विश्वस्तांना पाठवलं. वहीत नक्कल ठेवते.

"विषय: ६ फेब्रुवारीच्या अपघात अहवालातील परिच्छेद चार व सहा.

मी दिलेल्या तक्त्यात 'इतर ६.२ किलो' अशी नोंद आहे. ती अपुरी आहे आणि मी ती जाणूनबुजून अपुरी ठेवली. पूर्ण नोंद अशी: जुन्या बॅटऱ्या व पट्ट्या २.६, प्रफुल सरांच्या सांगण्यावरून. बूट, स्लीपिंग बॅग व जर्किन ३.६, माझे.

कोहळं दुसऱ्या दिवशीच्या चौघांच्या जेवणासाठी ठेवलं होतं. गावांतून वस्तू घेतल्या, त्याच देवाणघेवाणीत आपल्याला मुक्काम, सरपण आणि वाटेची माहिती मिळाली. माझ्या नोंदीतला 'नियमबाह्य' हा शब्द मी मागे घेते. असा नियम लिहिलेला नव्हता. मी तो त्या सकाळी केला.

६ तारखेला सकाळी वजन घेतलं नाही, तो निर्णय माझा होता.

सत्तर लिटरची शिफारस मी मागे घेते. बत्तीस सॅकची मागणी थांबवावी. सामानाला लागते तेवढीच सॅक द्यावी, जास्त जागा ठेवू नये, आणि प्रत्येक माणसाचं स्वतःचं सामान त्याच्या स्वतःच्या पाठीवर असावं. पाठ मापण्यापूर्वी माणसाला विचारावं, आणि तो 'तुम्ही मोजलं ना' म्हणाला तर ती संमती धरू नये.

श्री. वारलू यांचं नाव यादीत पूर्ववत करावं आणि त्यांची शस्त्रक्रिया अपघात तरतुदीतून व्हावी. नागपूरची तारीख १२ मार्च आहे. गाडी, रक्त आणि सोबतीचा माणूस ठरवायला तीन दिवस लागतात.

उत्तर सोमवार, ९ मार्चपर्यंत कळवावे.

दिव्यानी, साहित्य अभियंता"